जबड्याच्या हाडात डाग निघालाय? ऑपरेशनला हो म्हणण्याआधी

अक्कलदाढ दुखते म्हणून ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला, दाढेचं फारसं काही निघालं नाही, पण भलत्याच कोपऱ्यात एक डाग दिसला. रिपोर्टवर ‘रेडिओल्युसंट लिजन’, म्हणजे एक्स-रेवर काळा दिसणारा डाग, असं छापून आलं. घरी येईपर्यंत मुलाने मोबाइलवर शोधून कॅन्सरपर्यंत मजल मारलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर माझ्या क्लिनिकच्या बाकावर बसलेलं असतं. नाशिकात हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यांना आधी चहा देते, मग फिल्म बघते.

मी तोंडाच्या रोगनिदान आणि एक्स-रे शाखेतली दंतवैद्य. ऑपरेशन मी करत नाही. फिल्म वाचते, तपासण्या सांगते, काही गाठींमध्ये सुई देते, आणि ज्याला खरंच चाकू लागणार त्याला सर्जनकडे धाडते. म्हणून खाली लिहिलंय ते कुणाला ऑपरेशनपासून पळवून लावायला नाही. जबड्यातल्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठी-डागांपैकी बऱ्याच बिनाऑपरेशनच्या बऱ्या होतात, आणि काहींना तर हात न लावणं हाच उपचार. पण तुमची गाठ त्यातली आहे की नाही, हे तिचं नाव ठरल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. मीही नाही.

आधी हे बघा, बाकीचं नंतर

खालचा ओठ किंवा हनुवटी विनाकारण बधिर झालीय का? दात एकाएकी हलायला लागलेत का? सूज आठवड्या-आठवड्याला वाढतेय का? तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय आहे आणि तोंडातला फोड दोन आठवडे उलटूनही भरत नाही का? दात काढल्यावर खड्डा भरायचं नावच घेत नाही का? मानेत गाठ लागते का? यातल्या एकालाही उत्तर ‘हो’ असेल तर हा लेख मिटवा आणि उद्याच तोंडाच्या सर्जनला दाखवा. अशा वेळी ‘सुईने विरघळेल का’ विचारत बसायचं नसतं.

आणखी एक. दाताच्या मुळाशी ठोके जाणवत असतील, हिरडीतून आपोआप भळभळ रक्त येत असेल, तर तो दात गल्लीतल्या कुणाकडूनही उपटून घेऊ नका. हाडात रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, आणि तिथला दात काढला की रक्त थांबवता थांबवता नाकी नऊ येतात. अशी शंका असली की आम्ही तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेण्याआधी बारीक सुईने ओढून बघतो, आत रक्त आहे, पाणी आहे की काहीच नाही.

दात जिवंत आहे का?

जबड्यातल्या काळ्या डागांमागे सगळ्यात जास्त वेळा निघतो तो मेलेला दात. लहानपणी सायकलवरून पडून पुढचा दात आपटला, दुखून थांबला, हळूहळू राखाडी झाला आणि विसरला गेला. वीस वर्षांनी त्याच्या मुळाशी वाटाण्याएवढा, कधी लिंबाएवढा काळा डाग दिसतो. आतली नस मेली, त्यातले जंतू मुळाच्या टोकातून हाडात विष सोडत राहिले आणि तिथलं हाड झिजलं. हाडात गाठ दिसते, पण तिचं मूळ दातात.

तपासायला यंत्र लागतंच असं नाही. इंजेक्शनच्या सुईचं प्लॅस्टिकचं टोपण असतं ना, त्यात पाणी भरून मी फ्रीजरला ठेवते. पेन्सिलीसारखी बर्फाची कांडी तयार होते. दात कापसाने कोरडा करायचा आणि कांडी आधी दुसऱ्या बाजूच्या चांगल्या दाताला लावायची, म्हणजे पेशंटला कळतं की ‘लागणं’ म्हणजे काय. मग संशयाच्या दाताला. जिवंत दात असेल तर माणूस चटकन हात वर करतो आणि दोन-चार सेकंदांत कळ जाते. मेलेल्या दाताचा पेशंट शांतपणे विचारतो, ‘लावलं का मॅडम?’ शेजारचे दातही याच पद्धतीने बघायचे, कारण डाग एकाच्या मुळाशी दिसतो आणि मेलेला असतो शेजारचा.

दात मेलेला निघाला तर उपाय रूट कॅनल. डाग मोठा आहे म्हणून लगेच हाड उघडायची घाई करू नये. दातातली नळी नीट साफ झाली, हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुतली, लागलं तर मधल्या काळात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून ठेवलं आणि शेवटी घट्ट बंद केली, की बहुतेक डाग आपोआप भरतात. काम करताना दाताभोवती रबराचा पडदा लावतात की नाही ते मात्र विचारा. लाळ आत गेली तर सगळी मेहनत पाण्यात. वरून कॅप किंवा पक्कं फिलिंग वेळेत बसवणं हाही उपचाराचाच भाग आहे. दुखायचं थांबलं म्हणून कॅपला दांडी मारणारे पुन्हा सूज घेऊन येतात, विशेषतः द्राक्षांच्या हंगामात. निफाड-पिंपळगावचे माझे पेशंट जानेवारी ते एप्रिल फोनही उचलत नाहीत, हे मी आता गृहीतच धरते आणि कॅप डिसेंबरातच उरकून टाकते.

हाड भरायला वेळ लागतो. सहा महिन्यांनी एक फिल्म, वर्षाने एक, आणि डाग आकसतोय पण पुरता गेला नाही असं दिसलं तर चार वर्षांपर्यंत वर्षातून एकदा. तीच जागा, तोच कोन, जमलं तर तेच सेंटर. नाहीतर कोन बदलल्यामुळे डाग लहान-मोठा दिसतो आणि उगाच भांडणं होतात. क्वचित कधी मुळाशी बारीकशी काळी खूण कायमची राहते. दात दुखत नसेल, सूज नसेल आणि खूण वाढत नसेल तर तो भरलेल्या जखमेचा व्रण समजा.

दात जिवंत आहे आणि तरी डाग आहे

आता खरी मजा. खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी दोन-चार गोल डाग, दात धडधाकट, थंड लावलं की बाई चटकन मान मागे घेतात, वय चाळीस-पन्नास. हे जवळजवळ नेहमी सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेसिया असतं, म्हणजे मुळांशी हाडाची रचना बदलण्याचा साधा आजार. सुरुवातीला डाग काळे असतात, काही वर्षांनी आत पांढरे ठिपके दिसतात, शेवटी पांढरट गोळा होतो. याला औषध नाही, सुई नाही, ऑपरेशन नाही. काहीच करायचं नाही.

सिन्नरच्या एका मावशी आल्या होत्या, खालच्या तीन दातांचं रूट कॅनल करून. तिन्ही दात मुळात जिवंत होते. काळा डाग दिसला की नस मेली, असं कुणीतरी धरून चाललं होतं. बर्फाची कांडी एक मिनिटभर वापरली असती तर तीन दात वाचले असते. म्हणून ठासून सांगते, फिल्म बघून रूट कॅनल सुचवलं की विचारा, ‘दात जिवंत आहे का ते तपासलं का?’ विचारायला लाजू नका.

हाच आजार कधी दोन्ही बाजूंच्या दाढांखाली पसरलेला असतो, मोठमोठे पांढरे ढग दिसतात. तिथल्या हाडाला रक्तपुरवठा बेताचा असतो. हौसेने तुकडा घेतला किंवा दाढ उपटली तर जखम चिघळते, हाड उघडं पडतं आणि मग जे ऑपरेशन टाळायचं होतं तेच मागे लागतं. अशा माणसाने दात किडू द्यायचेच नाहीत. दिवसातून दोनदा ब्रश, सहा महिन्यांनी सफाई, छोटी कीड असतानाच भरून घेणं. कवळी असेल आणि एका जागी टोचत असेल तर त्याच आठवड्यात घासून घ्यायची. ‘सवय होईल’ म्हणत कवळी तशीच दाबून घालणाऱ्या आजोबांना मी सरळ ओरडते.

याच रांगेत बसणाऱ्या अजून काही निरुपद्रवी गोष्टी पटकन सांगते. खालच्या जबड्याच्या कोनाजवळ, नसेच्या नळीखाली अंडाकृती काळा डाग दिसतो, तो स्टाफने यांनी 1942 मध्ये वर्णन केलेला खळगा. आतल्या बाजूने लाळग्रंथी बसल्यामुळे हाडात पडलेली खाच, बाकी काही नाही. टाळूच्या मधोमध किंवा जिभेच्या बाजूला हाडाचे टेंगूळ असतात, कवळी बसवायची नसेल तर त्यांना हातही लावायचा नाही. हाडात एखादा गच्च पांढरा ठिपका, भोवती काहीच नाही, दात जिवंत, तर एकदा वर्षाने फिल्म काढून बदललेला नाही ना एवढं बघून सोडून द्यायचं.

मुलांचं आणि वाढत्या वयाचं

चार-पाच वर्षांच्या मुलाचे दोन्ही गाल फुगलेले, ओपीजीत दोन्ही बाजूंना साबणाच्या फेसासारखे कप्पे, आणि घरात बापाला किंवा आत्याला लहानपणी असंच होतं. हे चेरुबिझम. बहुतेक वेळा एसएच3बीपी2 या जनुकातल्या बदलामुळे होतं, आणि हा दुवा 2001 मध्ये सापडला. वयात येईपर्यंत वाढतं, नंतर थंडावतं, तिशीपर्यंत बऱ्यापैकी ओसरतं. डोळ्यांवर, श्वासावर किंवा गिळण्यावर परिणाम होत नसेल तर थांबायचं. थांबणं आई-वडिलांना फार जड जातं, कारण शाळेत मुलाला चिडवतात. पण वाढ चालू असताना हाड घासून चेहरा बारीक करून घेतला, तर तो पुन्हा भरून येऊ शकतो.

एका बाजूचा जबडा हळूहळू जाडावत जातो आणि फिल्मवर दुधी काचेसारखं दिसतं, ते फायब्रस डिस्प्लेसिया. हाडाची वाढ थांबली की यातही बहुधा शांतता येते. हाड ठणकत असेल तर पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेटसारखी औषधं सलाइनमधून देतात. त्याने ठणका कमी होतो, जबड्याचा आकार परत येतो असं नाही. यावर रेडिएशन द्यायचं नाही. त्याने पुढे खरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. ‘लाइट देऊन जाळून टाकू’ असं कुणी म्हणालं तर उठून या.

किशोरवयीन मुलांत खालच्या दाढांच्या मुळांमधून वर घुसलेला काळा डाग दिसतो, दात सगळे जिवंत, दुखत काहीच नाही. उघडलं तर आत बऱ्याचदा पोकळी, फार तर थोडं पाणी. हे साधं हाडाचं पोकळ सिस्ट. कधी आपोआप भरतं. बहुतेक सर्जन एकदा उघडून आत खरवडून रक्त येऊ देतात, आणि मग भरतं. काम छोटंच असतं. त्यासाठी मुलाचे दात मात्र कुणाला काढू देऊ नका.

जिथे सुई खरंच काम करते

आता सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा, कॅन्सर नसलेली पण हाड खात वाढणारी गाठ. तिशीच्या आत, मुलींमध्ये जास्त, खालच्या जबड्यात, बहुतेकदा पुढच्या भागात. ऑपरेशन केलं तर दात जाण्याची, कधी जबड्याचा तुकडा काढण्याची वेळ येते, म्हणून इथे औषधाचा विचार आधी करणं शहाणपणाचं.

पण सुई भरण्याआधी दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. पहिली, तुकड्याची तपासणी. दुसरी, रक्त: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी आणि पॅराथायरॉइड हार्मोन. कारण मानेतली पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडली तर जबड्यात हुबेहूब अशीच गाठ होते, तिला ब्राउन ट्यूमर म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्ही सारख्याच दिसतात, पॅथॉलॉजिस्टनाही निव्वळ काचेवरून फरक सांगता येत नाही. वारंवार मूतखडा, हाडं दुखणं, किंवा डायलिसिस चालू असणं, असा इतिहास असेल तर ही रक्ततपासणी अजिबात चुकवायची नाही. ब्राउन ट्यूमर निघाला तर जबड्याला हात लावायचा नाही, ग्रंथीचा उपचार करायचा. मानेत छोटं ऑपरेशन लागू शकतं, मूत्रपिंडाच्या पेशंटमध्ये औषधांवरही भागतं. मूळ बिघाड सुधारला की जबडा महिन्यांत भरायला लागतो.

रक्त नॉर्मल आलं की सुई. ट्रायअम्सिनोलोन हे स्टेरॉइड, मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम ताकदीचं, आणि तेवढंच बधिर करण्याचं औषध, समसमान मिसळून. फिल्मवरच्या दर 2 सेंटिमीटर गाठीमागे 2 मिलिलिटर, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. 1988 च्या सुमारास जॅकोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली आणि थोड्याफार फरकाने आजही तीच चालते.

सुई गाठीच्या आत, वेगवेगळ्या कोपऱ्यांत द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात वरचं हाड कागदासारखं पातळ असतं, सुई सहज आत जाते आणि औषधही सहज ढकललं जातं. चौथ्या-पाचव्या आठवड्याला सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याला अडायला लागतो, सुईच्या टोकाला करकर लागते. हाड परत बनत असल्याची ती खूण, एक्स-रेवर काही दिसायच्या आधीची. पेशंट कुरकुरतात की या खेपेला जास्त दुखलं, आणि मी मात्र मनातून खूश असते. फिल्म तीन ते सहा महिन्यांनी काढायची, त्याआधी काढून हिरमुसून बसायचं नाही.

मधुमेह आटोक्यात नसेल, पोटात अल्सर असेल, क्षयरोग किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल, तर ही सुई नको. हे स्वतःहून सांगा, कारण दाताच्या डॉक्टरला शुगर सांगायचं बऱ्याच जणांना सुचतच नाही.

सुईने नाही जमलं किंवा गाठ फार मोठी असेल तर कॅल्सिटोनिन, हाड झिजणं रोखणारं हार्मोन. 1993 मध्ये हॅरिस यांनी यावर पहिल्यांदा लिहिलं. नाकात मारायचा फवारा असतो, रोज 200 युनिट, नाहीतर कातडीखाली सुई. मळमळ, चेहरा लाल होणं हे त्रास होतात. परिणाम दिसायलाच सहा-आठ महिने जातात आणि औषध वर्ष-दोन वर्षं चालतं. सगळ्यांना लागू पडतंच असंही नाही. ज्याला धीर नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये, आधीच सर्जनशी बोलावं.

तिसरं डेनोसुमॅब. हाड खाणाऱ्या पेशींना अडवणारं औषध, लांब हाडांतल्या जायंट सेल ट्यूमरसाठी अमेरिकेत 2013 मध्ये त्याला मान्यता मिळाली. जबड्यातल्या अवघड गाठींत वापरतात आणि गाठ दणक्यात घट्ट होते. पण चालू असताना रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं, आणि बंद केल्यावर, विशेषतः वाढत्या मुलांत, उलट एकदम वर उसळी मारू शकतं. गाठही परत येऊ शकते. गरोदरपणात चालत नाही. सुरू करण्याआधी किडलेले दात निस्तरून घ्यायचे, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून कुजू शकतं. हे औषध मी देत नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा कॅन्सरच्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घेऊही नये.

अर्ध्या वाटेचा चाकू

ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट (दात घडवणाऱ्या पेशींपासून हाडात होणारी पिशवी) किंवा मोठं डेंटिजेरस सिस्ट (न उगवलेल्या दाताभोवतीची पाण्याची पिशवी) असेल तर पूर्ण बिनाऑपरेशन सहसा जमत नाही, पण मोठं ऑपरेशन छोटं करता येतं. बधिर करून सिस्टला एक भोक पाडतात आणि प्लॅस्टिकची नळी शिवून ठेवतात. आतला दाब गेला की सिस्ट महिनोन्महिने आकसत जातं, नस आणि दात वाचतात, लहान मुलांत अडकलेला दात कधी आपला आपण वर येतो. केराटोसिस्टचं उरलेलं काम नंतर छोट्या ऑपरेशनने करतात.

यात निम्मं काम पेशंटचं. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ, 20 मिलिलिटरची सिरिंज, बोथट टोक, आणि नळीतून सकाळ-संध्याकाळ धुणं. पहिल्या दिवसांत घाण वास येतो, घाबरू नका. नळी निसटली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. दोन-चार दिवसांतही भोक मिटायला लागतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ) मात्र कॅन्सर नसूनही हाड खात पसरतो. नुसता खरवडला तर बऱ्याचदा परत येतो. त्यातल्या बऱ्याच गाठींत बीआरएएफ जनुकातला बदल सापडतो आणि त्यावरच्या गोळ्यांनी काही गाठी लहान झाल्याच्या नोंदी आहेत, पण आज तरी रोजचा उपचार ऑपरेशन हाच. हे नाव रिपोर्टवर असताना ‘गाठ विरघळवणारा काढा’ घेत सहा महिने घालवलेले लोक मी पाहिलेत. सहा महिन्यांपूर्वी जेवढा जबडा वाचला असता, तेवढा मग वाचत नाही. हळद-चुन्याचा लेप लावून हाडातलं काही विरघळत नाही, वरची कातडी तेवढी भाजते.

दुसरं मत घ्यायचं तर

पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, तिथे तोंडाचं पॅथॉलॉजी, सर्जरी आणि आमची शाखा एकाच छताखाली भेटते. मुंबईला जायचं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून नायरच्या किंवा सरकारी दंत महाविद्यालयात दाखवून रात्री परत येता येतं. जाताना रिपोर्टचा कागद पुरत नाही. ओपीजीची मूळ फाइल, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) केला असेल तर त्याची सीडी किंवा पेनड्राइव्ह, आणि तुकडा तपासला असेल तर पॅथॉलॉजी लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचाच तुकडा, मागितला की रीतसर सही घेऊन देतात. तो नसेल तर पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो, त्यात ट्यूबलाइटची पट्टी चमकलेली, त्यावरून मत मागू नका. आणि जुना ओपीजी, पाच-सात वर्षांपूर्वी तारा लावताना काढलेला, कपाटात असेल तर तो सगळ्यात आधी पिशवीत टाका. डाग तेव्हाही तेवढाच होता असं दिसलं, तर घाई कुठल्याच बाजूने उरत नाही.